विहीर खणायला परदेशी जाताय? आधी जतचा एक हापसा उघडून बघा

उन्हाळा लागला की आमच्या मिरजेच्या मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, एखादा तरुण उपासनेनंतर मला गाठतो. "अंकल, मलावीला बोअर मारायला टीम चाललीय, नाव देऊ का?" अलीकडे हाच प्रश्न सांगलीहून, साताऱ्याहून, वाईहूनही येतो. मी पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकात 26 वर्षे काढली आणि निवृत्तीनंतर दोनदा आफ्रिकेतल्या या मलावी देशात जाऊन आलो, म्हणून लोक मला विचारतात. दरवेळी तोंडी सांगताना काही ना काही राहून जाते, म्हणून हे एकदाचे सविस्तर लिहितो.

नाव जरूर द्या. पण जाण्याआधी एवढे मनात पक्के करा की जमिनीला भोक पाडणे हा या सेवेतला सर्वांत सोपा भाग आहे. चांगली गाडी आणि कॉम्प्रेसर असेल तर जतच्या काळ्या पाषाणातही एका दिवसात 300 फूट होतात. खरे अवघड काम पुढे असते. तिसऱ्या वर्षी पंपातले सील झिजेल, तेव्हा तिथल्या बाईला त्याच हापशावर पाणी मिळाले पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या तिसऱ्या वर्षासाठी आहेत.

पहिली पायरी: बोलावणे कोणाचे?

टीमच्या प्रमुखाला पहिल्याच भेटीत विचारा. बोअर हवा असे कोणी सांगितले? त्या गावाने, तिथल्या मंडळीने, की इथे बसून नकाशा पाहणाऱ्याने? तिथल्या जिल्हा पाणी कार्यालयाला हे माहीत आहे का? ड्रिलर तिथला परवानाधारक माणूस आहे की आपल्यातलाच हौशी गट? कोणता पंप बसवणार, आणि त्याचे सुटे भाग गावापासून किती लांबच्या दुकानात मिळतात? शेवटी सर्वांत महत्त्वाचे: तीन वर्षांपूर्वी तुम्ही मारलेल्या बोअरपैकी आज किती चालू आहेत?

या शेवटच्या प्रश्नावर काही जण फोटो काढून दाखवतात. फोटोतले पाणी उद्घाटनाच्या दिवसाचे असते. तुम्हाला गावांची नावे आणि आजची स्थिती हवी आहे. दहापैकी तीन बंद आहेत असे जो मोकळेपणाने सांगतो आणि का बंद पडले हेही सांगतो, त्याच्याबरोबर डोळे मिटून जा. सगळेच चालू आहेत म्हणणाऱ्याला मी दुसऱ्यांदा विचारतो.

त्याच बैठकीत आणखी एक विचारा: त्या भागात बंद पडलेले जुने हापसे किती आहेत? बायबलमधल्या उत्पत्तीच्या 26व्या अध्यायात इसहाक नवी विहीर खणण्याआधी काय करतो ते पाहा. बापाच्या वेळच्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्या होत्या, त्या तो पुन्हा उकरून काढतो आणि त्यांना बापाने दिलेलीच नावे ठेवतो. नव्या विहिरी त्यानंतरच्या, आणि त्यांच्यावरून भांडणेही झाली. आमच्या दुसऱ्या फेरीत आम्ही हाच क्रम ठेवला. आधी बंद हापसे सुरू केले, बोअर एकच मारला. विमानाच्या तिकिटाचा खर्च डोळ्यांसमोर ठेवा आणि तेवढ्याच पैशात तिथला मेकॅनिक किती हापसे सुरू करू शकतो, हे विचारायला संकोच करू नका. कधी कधी उत्तर असे येते की आपण न जाता पैसे पाठवणे बरे. ते उत्तर स्वीकारण्याची तयारी असेल तरच पुढची पायरी चढा.

दुसरी पायरी: घरची शिकवणी

मला वाटते हीच सगळ्यांत मोलाची पायरी, आणि नेमकी हीच लोक गाळतात. चार शनिवार द्या. माण, खटाव, जत, आटपाडी, कवठे महांकाळ, यांतल्या कुठल्याही तालुक्यात दुरुस्ती पथक हापसा उघडत असेल तिथे परवानगी घेऊन उभे राहा. हात काळे करू देतात, पथकाला मदतीचा हात नेहमीच हवा असतो.

आपल्याकडचा हापसा म्हणजे इंडिया मार्क 2. वर हेड, त्यात दांडा, बेअरिंग आणि साखळी. खाली पाण्याची टाकी आणि स्टँड. बोअरमध्ये 32 मिमीचे लोखंडी पाइप, प्रत्येकी 3 मीटर लांब, त्यांच्या आत 12 मिमीचे रॉड आणि तळाशी सिलिंडर. सिलिंडरमधले वॉशर झिजले की दांडा हलका लागतो आणि पाणी येत नाही. बदलायचा वॉशर तळहाताएवढाही नाही, पण त्यासाठी सगळे पाइप आणि सगळे रॉड वर ओढावे लागतात. 40 मीटरवरच्या सिलिंडरसाठी 13 पाइप, क्लॅम्प लावून, एकेक करून. हे एकदा हातांनी केले की "गाववाले बघून घेतील" हे वाक्य तोंडातून निघत नाही.

या हापशाचे मूळ आपल्या मातीत आहे, हे प्रत्येक स्वयंसेवकाला माहीत हवे. दुष्काळी भागात बोअर मारणाऱ्या ख्रिस्ती मिशनच्या माणसांना दिसले की घरगुती वापरासाठी केलेले ओतीव लोखंडाचे पंप गावभराच्या वापराला टिकत नाहीत. त्यातून पोलादी पंप घडले, जालना पंप आणि सोलापूर पंप. पुढे 1970च्या दशकात भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी सोलापूर पंपाचा नमुना समोर ठेवून इंडिया मार्क 2 तयार केला. आज युगांडात त्याला यू 2 म्हणतात आणि झांबियात तोच गावोगाव दिसतो. म्हणजे आपण तिथे रिकाम्या हातांनी जात नाही. पण शिकवायलाच जातो आहोत अशा थाटातही जाऊ नये, कारण ही विद्या आपल्यालाही पंप मोडत मोडतच आली.

इथे माझी चूक सांगतो. पहिल्या फेरीला मी सांगलीहून वॉशर, साखळ्या आणि बेअरिंग भरलेली मोठी पिशवी नेली. मलावीत बहुतेक ठिकाणी अफ्रिदेव नावाचा पंप आहे. त्याला साखळी नाही. पाइप प्लास्टिकचे, सील यू आकाराचे, झडपेला बॉबिन म्हणतात, दांड्याच्या बेअरिंगच्या जागी प्लास्टिकचे बुश. माझ्या पिशवीतला एकही भाग त्याला लागला नाही. मी कोणाला विचारलेच नव्हते. अफ्रिदेवची खुबी अशी की पाइप बोअरमध्येच राहतात, रॉड हुकाने अडकलेले असतात आणि एका पान्यावर सगळा पंप उघडतो. त्यामुळे गावातल्या बायका स्वतः सील बदलू शकतात. तुमच्या देशात कोणता पंप आहे ते आधी कळवून घ्या आणि त्याची रचना इथेच शिका. अफ्रिदेव भारतातही बनतो, तेव्हा चौकशी केली तर पाहायला मिळतो.

दगडाचाही अभ्यास करा. सातारा-सांगलीत आपल्या पायाखाली बेसॉल्ट आहे. वर मुरूम, खाली मांजऱ्या दगड, त्याखाली काळा पाषाण. आपण वरच्या मुरमापुरते केसिंग, म्हणजे भिंत धरणारा पाइप, घालतो आणि खाली बोअर उघडाच ठेवतो, पाषाण ढासळत नाही. मलावीच्या तळ्याकाठी आणि शिरे नदीच्या खोऱ्यात वाळू आणि गाळमाती आहे. तिथे उघडे भोक तासाभरातही बसू शकते. इतरत्र जुना ग्रॅनाइट आणि नाइस खडक, त्यावर कुजून भुसभुशीत झालेला जाड थर, आणि पाणी बहुधा त्या थराच्या तळाशी. आपल्याकडचा अनुभवी बोअरवालासुद्धा तिथे पहिल्या दिवशी नवखाच. जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयात जाऊन निरीक्षण विहिरींच्या पातळ्या कशा मोजतात तेही पाहून या. पाण्याची पातळी वर्षभर वरखाली होते हे एकदा आकड्यांत दिसले की बोअर कुठे थांबवायचा ते कळते.

तिसरी पायरी: कागद, लस, पैसे

पासपोर्टसाठी सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येतात. पोलिस पडताळणीला वेळ लागतो, म्हणून निदान चार महिने आधी अर्ज करा. व्हिसाच्या अर्जात खरे कारण लिहा. सेवाकार्याला जायचे आणि पर्यटक म्हणून अर्ज करायचा, हे काही गट सर्रास करतात. ते चूक आहे, आणि पकडले गेलात तर अडचणीत येते ती तुम्हाला बोलावणारी तिथली मंडळी.

पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते. प्रमाणपत्र टोचल्यानंतर 10 दिवसांनी लागू होते आणि आता ते आयुष्यभर चालते. मलावीत हा ताप नाही, पण मुंबईहून जाणारी विमाने अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जातात, आणि इथिओपिया व केनिया पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. परत येताना प्रमाणपत्र नसेल तर भारतात 6 दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात. साठीच्या पुढचे आणि अंड्याची ॲलर्जी असलेले, यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ही लस घेऊ नये. धनुर्वात, विषमज्वर आणि कावीळ अ यांच्या लशींचेही त्याच वेळी विचारा. हिवतापाच्या गोळ्या जाण्याआधी सुरू होतात आणि परतल्यावरही चालू ठेवायच्या असतात. डॉक्सीसायक्लिन असेल तर परतल्यावर 4 आठवडे. घरी आलो की सुटलो असे म्हणून ती मध्येच सोडणारे बरेच पाहिले.

पैशाचे दोन नियम. मंडळीच्या ट्रस्टमध्ये जमलेले दान भारताबाहेर खर्च केले तर आयकराच्या सवलतीला बाध येतो, म्हणून वर्गणी गोळा करण्याआधीच सीएला विचारा. स्वतःच्या खिशातले पैसे बँकेतून रीतसर पाठवता येतात, त्याची पावती ठेवा. डॉलर नेणार असाल तर स्वच्छ, नव्या नोटा घ्या. जुन्या किंवा शाई लागलेल्या नोटा तिथे नाकारतात. विमा असा काढा की गंभीर आजारात दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च त्यात असेल.

सामान थोडके. बंद, जाड तळाचे बूट, हातमोजे, हेल्मेट, कानातले बोळे, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, मच्छरदाणी. गळ्यात ओढणी, उपरणे किंवा माळ घालून रिगजवळ, म्हणजे बोअरच्या यंत्राजवळ, जायचे नाही, फिरता पाइप क्षणात ओढून घेतो.

चौथी पायरी: ऋतू आणि पहिला दिवस

मलावीत पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल. मे ते ऑक्टोबर कोरडे. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा बोअरचा खरा काळ, कारण तेव्हा पाणी सर्वांत खाली गेलेले असते. तेव्हा लागलेले पाणी पुढच्या उन्हाळ्यातही राहण्याची आशा धरता येते. मार्च-एप्रिलच्या ओल्या जमिनीत 15 मीटरवर लागलेले पाणी पाहून आनंद करू नका. आपल्याकडे दिवाळीला भरलेली विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते, तसेच ते.

पहिल्या दिवशी यंत्र सुरू करू नका. गावच्या मुखियाला भेटा. "मोनी", "मुली ब्वांजी", "झिकोमो", एवढे चिचेवा भाषेतले शब्द इथूनच शिकून जा: नमस्कार, कसे आहात, आभारी आहे. पाणी म्हणजे मादझी. दोन्ही हातांनी देतात आणि घेतात. जेवणात न्सिमा असते, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आपल्या माणसाला ती जड जात नाही. जेवणाआधी घरातले कोणीतरी तांब्याने तुमच्या हातांवर पाणी घालते. ते पाणी किती लांबून आले असेल याचा विचार करून हात धुवा.

मग बायकांना भेटा. पाणी आणणाऱ्या त्याच, म्हणून जागा त्यांनी दाखवायची. आपल्याकडे पाणाड्या नारळ हातावर धरून फिरतो, तिथेही तसले लोक आहेत. त्यांचा मान ठेवा, पण जागा भूगर्भ पाहणीनेच ठरवा. संडासापासून निदान 30 मीटर, आणि संडासाच्या वरच्या अंगाला. दफनभूमीपासून, गुरांच्या गोठ्यापासून लांब. पावसात पाणी साचते ती जागा नको.

आणि देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, आवारात विहीर घेऊ नका. हे मी अनुभवाने सांगतो. आमचा पहिला बोअर तिथल्या मंडळीच्या फाटकाच्या आत होता. जागा मोफत मिळाली, सगळ्यांना सोयीचे वाटले. गावाच्या दुसऱ्या टोकाला मुसलमान घरे होती. त्या बायका फाटकापर्यंत येत, थांबत आणि जुन्या डबक्याकडे जात. त्यांना कोणी अडवले नव्हते. पण आत यायला कोणी सांगितलेही नव्हते. पाणी कोणाच्या आवारात आहे याचा अर्थ आपल्याला तरी दुसऱ्याने समजावून सांगायला नको. ज्यांचे मूळ गाव साताऱ्यातले कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी 1868 मध्ये पुण्यातल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. 1927 मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी हातात घ्यायला डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. आमच्या मंडळीतल्या कितीतरी घरांच्या आजोबा-पणजोबांना गावच्या विहिरीवर मज्जाव होता. त्या घरातून गेलेल्या माणसाने तर जागा निवडताना दहा वेळा विचार करावा. वाटेवर, सगळ्यांच्या जमिनीवर, आणि ती जमीन गावाची आहे असे मुखियाच्या सहीने लिहून घेऊन.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष बोअर

भुसभुशीत जमिनीत लहान रिगने काम चालते ते गाळाच्या जोरावर. बेंटोनाइट माती पाण्यात कालवून केलेला गाळ पंपाने पाइपातून खाली जातो, बिटाशी, म्हणजे कापणाऱ्या टोकाशी, बाहेर पडतो आणि कापलेली माती घेऊन पाइपाच्या बाहेरून वर येतो. वर दोन खड्डे असतात. पहिल्यात माती खाली बसते, दुसऱ्यातून गाळ पुन्हा खाली जातो. हाच गाळ बोअरच्या भिंतीही धरून ठेवतो. पंप थांबला तर भिंत बसते आणि पाइप अडकतो. म्हणून ड्रिलर तुमच्यावर ओरडला तर मनाला लावून घेऊ नका, त्याला तेवढा वेळ नसतो.

नवख्याला काम असते ते या खड्ड्यांवर. खाली बसलेली माती उपसत राहायची, गाळाची घट्टी मोजायची. त्यासाठी मार्श फनेल नावाचे नरसाळे असते. ठरावीक माप साधे पाणी त्यातून 26 सेकंदांत गळते, गाळाला 35च्या आसपास लागले पाहिजेत. पातळ झाला तर भिंत ढासळते, फार घट्ट झाला तर पाण्याचे झरेच लिंपून टाकतो. गाळासाठी पाणी पुष्कळ लागते. ते टँकरने आणवा. गावातल्या बायकांच्या डोक्यावरून आणवू नका, तहानलेल्या घरातून ते पाणी घेणे बरोबर नाही.

दुसरे काम वहीचे. दर मीटरला वर आलेली माती पत्र्यावर ओळीने मांडायची आणि लिहायचे: खोली, रंग, वाळू जाड की बारीक, किती मिनिटांत कापली. हे कंटाळवाणे वाटते. पण केसिंगमधला चाळणीचा पाइप कोणत्या खोलीला बसवायचा ते या ओळीवरूनच ठरते, आणि पुढे पंप बिघडला तर मेकॅनिक हीच वही मागतो. पाणी दिसले की टाळ्या वाजतात. टाळ्या वाजू द्या, पण ड्रिलर म्हणेल तेवढे खाली जाऊ द्या.

भोक झाले की पीव्हीसी केसिंग, पाण्याच्या थराला चाळणीचा पाइप, भोवती धुतलेली बारीक गोल खडी, तिच्यावर बेंटोनाइटचा थर आणि सर्वांत वर सिमेंट. हे वरचे सील कोणी घाईत उरकू लागले तर तुम्ही थांबवा. वरचे घाण पाणी केसिंगच्या बाजूने खाली उतरते ते इथूनच, आणि दिसत काहीच नाही. मलावीत मार्च 2022 पासून सुरू झालेल्या पटकीच्या (कॉलराच्या) साथीत 1,700हून अधिक माणसे गेली. त्या साथीतून गेलेल्या गावात सिमेंटची पाटी वाचवायची नसते.

मग बोअर साफ करायचा, पाणी नितळ येईपर्यंत, तास लागो की दिवस. आवक मोजा: 20 लिटरची बादली 80 सेकंदांत भरली म्हणजे सेकंदाला पाव लिटर. हापशाला तेवढे पुरते, पण ते काही तास सलग टिकले पाहिजे. मलावीत एका हापशामागे 250 माणसे धरतात. आपल्याकडचा जुना निकषही तोच होता.

कोरडा निघाला तर? निघतो, चांगल्या पाहणीनंतरही. तेव्हा गावासमोर सरळ सांगा आणि भोक तळापासून वरपर्यंत बुजवून मगच निघा. उघड्या बोअरमध्ये पडलेल्या लेकरांच्या बातम्या आपण वाचल्या आहेत, 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यावर निर्देश द्यावे लागले. परदेशात तो निर्देश लागू नाही, पण लेकरू तिथेही लेकरूच आहे.

सहावी पायरी: पाणी पिण्याजोगे आहे का?

क्लोरीनचा हिशेब स्वतः करायला शिका. 110 मिमी केसिंगमध्ये एका मीटरला सुमारे 8 लिटर पाणी बसते. 30 मीटर उभे पाणी असेल तर 240 लिटर. लिटरला 100 मिलिग्रॅम धरले तर 24 ग्रॅम क्लोरीन. ग्रामपंचायतीत वापरतात तो टीसीएल (ब्लीचिंग पावडर) 33 टक्क्यांचा असेल तर साधारण 73 ग्रॅम, शिवाय खडीतल्या पाण्यासाठी थोडा अधिक. प्लास्टिकच्या बादलीत कालवून, नितळ पाणी वरून ओतून, रात्रभर ठेवायचे. सकाळी वास जाईपर्यंत उपसायचे, ते पाणी कोणाच्या भाजीच्या वाफ्यात जाऊ देऊ नका.

पाण्यातले जंतू ओळखायला आपल्या गावांत वापरतात ती एच2एस बाटली बरोबर न्या. दूषित पाणी टाकले की ती एक-दोन दिवसांत काळी पडते. पण जंतूंपलीकडचे तिला कळत नाही, म्हणून नमुना प्रयोगशाळेत गेलाच पाहिजे. पूर्व आफ्रिकेच्या खचदरीत फ्लोराइड असते, मर्यादा लिटरला 1.5 मिलिग्रॅम. आर्सेनिकची मर्यादा 0.01. शिरेच्या खालच्या खोऱ्यात खारे पाणी लागते. आंबट, म्हणजे कमी पीएचच्या पाण्यात लोखंडी पाइप गंजतात. पाणी तांबडे येते, भात आणि कपडे तांबूस होतात, आणि बायका पुन्हा नदीवर जातात. अशा ठिकाणी लोखंडी पाइप घालूच नका. निकाल येईपर्यंत उद्घाटनाचा फलक लावू नका, मग तुमचे विमान कधीही असो.

सातवी पायरी: हापसा गावाच्या हाती

मलावीत पाणी समिती असते, तिच्यात बायका असतात, आणि भागाभागात शिकलेला मेकॅनिक असतो. तुमच्या टीममधला कोणीही पंपाला हात लावण्याआधी तो मेकॅनिक आणि समितीच्या दोन बायका यांनी तो बसवायचा. तुम्ही पाना धरून उभे राहा. दुसऱ्या दिवशी त्यांनाच तो पूर्ण उघडून पुन्हा जोडू द्या, तुम्ही गप्प. मला हे फार जड गेले. 26 वर्षांची सवय, हात आपोआप पुढे जायचा. एका बाईने माझा हात हळूच बाजूला केला आणि बॉबिन स्वतः बसवला. त्या क्षणी मला वाटले, आता हा हापसा टिकेल.

महिन्याची वर्गणी किती, ती कोणाकडे राहणार, सुटे भाग कुठल्या दुकानातून, हे समितीने ठरवायचे. मासिक वर्गणी द्यायला गाव तयार नसेल तर घाई करू नका, दुसऱ्या बैठकीला बसा. सीलचा एक जादा संच समितीच्या पेटीत ठेवून या. पैसे ठेवू नका.

प्रार्थनेविषयी

आपण ख्रिस्ताच्या नावाने जातो, ते लपवू नये. सकाळी काम सुरू करताना प्रार्थना करा, संध्याकाळी आपली मराठी भजने म्हणा, त्यांची ऐका. तिथल्या प्रेस्बिटेरियन मंडळीचे मूळ 1875 पासूनच्या स्कॉटिश मिशनमध्ये आहे, आणि आमच्या मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी 1894 मध्ये दवाखाना सुरू केला तोही प्रेस्बिटेरियन मिशनमधूनच. भेटलो तेव्हा एकाच घरातली भावंडे वाटलो. पण पाण्याला अट नको. उपासनेला आलात तर पाणी, किंवा पाणी घेतलेत म्हणून उपासनेला या, असे सुचवणेही नको. बायबलमधल्या शोमरोनी बाईच्या गोष्टीत विहिरीवर पाणी मागणारा स्वतः प्रभू येशू आहे. तहानलेला तो, पोहरा तिच्याकडे. मी दर सकाळी हे आठवून निघायचो.

फोटो विचारून काढा. मुलांचे उघडे अंग, शेंबडी नाके, डबक्यावरची म्हातारी, हे वर्गणीसाठी दाखवू नका. दुष्काळात आपल्या आयांचे असे फोटो कोणी लावले असते तर आपल्याला कसे वाटले असते? चॉकलेट वाटू नका. तळ्यात आंघोळ करू नका, त्या पाण्यात बिल्हार्झिया या कृमिरोगाचा धोका असतो.

परतल्यावर

पुढच्या काही महिन्यांत कधीही ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना आफ्रिकेहून आलो हे स्वतःहून सांगा. तिथला फाल्सिपेरम हिवताप वाट पाहत नाही.

मंडळीत साक्ष द्यायला उभे राहाल तेव्हा किती बोअर मारले यापेक्षा समितीत कोण आहे, मेकॅनिकचे नाव काय, सील कुठे मिळतात हे सांगा. वहीतल्या प्रत्येक बोअरच्या पानावर सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षे आणि तीन वर्षे अशा तारखा आधीच लिहून ठेवा, आणि त्या त्या दिवशी फोन करणारा एक माणूस नेमा. आमच्या टीममध्ये ते काम माझ्याकडे आहे. पहिल्या बोअरची तारीख ऑक्टोबरात येते. फाटकातला तो बोअर. तिथल्या मंडळीने पुढे त्या बाजूची भिंत पाडून वाट गावाकडे मोकळी केली. सकाळी मी मेकॅनिकला फोन लावतो. तो चालत हापशापर्यंत जातो, फोन कठड्यावर ठेवतो, आधी दांडा हापसतो आणि मग माझ्याशी बोलतो.